काळ्या ऑइलमधली लेकरं

हसणार नाही असं आधी वचन द्या. छे, तुम्ही कुठले देता! घ्या चहा, सांगतेच. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये!

मी अमरावतीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तेल खाणारे जंतू हे माझं वेड. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल असतं ना? जहर! मातीत मुरलं की तिथं गवतसुद्धा उगवत नाही. पण काही जंतू ते चक्क जेवतात. असे जंतू मी वाढवले आणि अकोल्याला गजूभाऊंच्या गॅरेजमागच्या ऑइलच्या खड्ड्यात सोडले.

लाडानं मी त्यांना 'लेकरं' म्हणते. इथंच घात झाला!

परतीच्या एसटीत बसले. गाडी सुटली तोच गजूभाऊंचा फोन. माझा आवाज कसा, ते तुम्हाला माहीतच आहे. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय!

"गजूभाऊ, लेकरं खड्ड्यातच राहू द्या! वरून झाकण लावू नका, गुदमरतीन. भूक लागली की ऑइलच खातीन. दुसरं काही देऊ नका, लाडावतात! हो, थोडा युरिया टाका. काही मरतीन, मरू द्या. उरलेली वाढतीन!"

फोन ठेवला. बघते तर अख्खी गाडी माना वळवून माझ्याकडे बघतेय.

शेजारच्या काकूंनी पदर तोंडाशी नेला. "बाई, लेकरं किती हायेत वो तुमाले?"

मला वाटलं, वा, बाईंना विज्ञानात रस! मी फुलले.

"मोजलीच नाहीत काकू! रोज नवी होतात."

"अन् बाप?"

"बाप लागतच नाही त्यांना!"

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "ओ कंडक्टर! थांबवा गाडी! ही बाई लेकरं खड्ड्यात टाकून आली!"

अहो, काय कालवा! कोणी म्हणे, "युरिया चारून राहिली!" कोणी म्हणे, "शिकलेली दिसते, पाहा!" मी 'जंतू, जंतू' ओरडतेय, तर काकू म्हणतात, "ऐका! पोटच्या लेकरायले जंतू म्हणते!"

ड्रायव्हरनं गाडी थेट वाटेतल्या पोलीस ठाण्यापुढं उभी केली. काकूंनी मला हाताला धरून आत नेलं.

ठाण्यातल्या साहेबांनी माझाच फोन घेऊन, स्पीकर लावून, गजूभाऊंना दरडावलं, "लेकरं जिवंत आहेत का?"

गजूभाऊ खूश! "एकदम मस्त, साहेब! खड्ड्यात फेस आला! मी बांबूनं ढवळूनच राहिलो!"

साहेबांच्या हातून फोन सुटायचाच बाकी होता.

शेवटी मी पर्समधून जंतूंची उरलेली बाटली काढली आणि ठाण्यातच अख्खा तास घेतला. साहेब पोट धरून हसले. काकू ओशाळल्या. मग काय, मला चेवच चढला!

"अहो, साधे जंतू, पण मी त्यांना डोळ्याआड होऊ देत नाही! जीव कसा जपावा, ते माझ्याकडून शिका!"

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजला. साहेबांनी उचलला. पुन्हा स्पीकर लावला.

"अवं, कुठी हायेस तू?" आमच्या ह्यांचा आवाज! खड्डा पाहायला हेही माझ्यासोबत अकोल्याला आले होते. "मी समोसे घ्याले उतरलो, अन् गाडी निंगून गेली! माझा फोन गाडीतच राह्यला, आता एकाचा मागून लावला. स्टँडवरच उभा हावो ना!"

अगं बाई! शेजारची सीट रिकामी बघून मीच तर काकूंना 'बसा, बसा' म्हटलं होतं!

मग काकू हळूच साहेबांकडे वळल्या.

"साहेब, लेकरायचं मिटलं. आता नवऱ्याचं लिहून घ्या."