मोकळ्या हातांनी मुंबई

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला नकाशे बघायचं खूळ लागलं. गेल्या थंडीत रोज संध्याकाळी मी पडवीत बसून मोबाइलवर फोर्टातले रस्ते बोटानं मोठे करून बघत असे. बायको म्हणायची, "डोळे जातील, आणि मग म्युझियममध्ये काय बघाल, कपाळ?" पण हे सगळं चाललं होतं ते तिच्याचसाठी. आम्ही रत्नागिरीची माणसं मुंबईला जातो ती बारशाला, बाराव्याला नाहीतर डॉक्टरकडे. त्या घुमटाच्या मोठ्या संग्रहालयावरून ती जन्मभर गेली, आत कधी शिरली नाही. एकदा बोलून गेली तेवढं माझ्या डोक्यात राहिलं.

बेत झकास जमला होता. रात्रीच्या गाडीनं जायचं, वेटिंग रूममध्ये तोंडं धुवायची, दारं उघडायच्या वेळेला मोठ्या संग्रहालयाशी हजर. तिथून रस्ता ओलांडून चित्रं, मग जेवण, मग चालत चालत नाण्यांचं संग्रहालय, आणि रात्री परत. सोमवार टाळला. हिच्या गुडघ्यासाठी कुठे बसायला मिळेल तेही शोधून ठेवलं. तिला पांढरे स्पोर्ट्स शूज घेतले, ते घालून ती अंगणात फेऱ्या मारायची आणि हसायची.

एकच अट मी घातली होती : हात मोकळे हवेत. आमच्याकडे मुंबईला जाणारा कधी एकटा जात नाही. तो निघालाय असं कळलं की संध्याकाळपर्यंत ओटीवर पिशव्या जमतात. कुणाची आमसुलं, कुणाचे सुके बांगडे, कुणाच्या लेकीला कडवे वाल. नाही म्हणायची सोय नसते. शिवाय पिशवी पोचवली की निम्मंच काम होतं. परत आल्यावर त्या घरी जाऊन "बघून आलो, बरा आहे" असं सांगायचं, तेव्हा ते पुरं होतं. जन्मभर मी ती ओझी वाहिली आणि एक दिवस, फक्त एक दिवस, मला नको होती.

म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही.

आमच्या कुंपणापलीकडे वहिनी राहतात. नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या. नवरा गेलेला, एकुलता मुलगा मुंबईत कुठल्याशा ऑफिसात सिक्युरिटीत. गणपतीला त्याला सुट्टी मिळाली नाही तेव्हापासून त्या दिसेल त्याला सांगायच्या, "मुंबयला कोन जानारा असला तर सांगा हां भावजी, कुळथाची पिठी करून ठेवलीय." मलाही दोनदा सांगितलं होतं. बायको म्हणाली, "निदान वहिनींना तरी सांगू या." मी तिच्यावर खेकसलो. "पिठी डोक्यावर घेऊन मूर्त्या बघणार आहेस का? आणि तो राहतो पार कुठे तिकडे!" 

निघताना वहिनी नेमक्या अंगणात.

"कुटं चाललाव जोडीनं?"

"पालीला. लग्न आहे," मी म्हणालो. इतक्या पटकन आलं ते तोंडात, की माझं मलाच नवल वाटलं.

वहिनींनी हिच्या साडीखालच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "सांबाळून जावा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुंबईत सकाळ ठरल्याप्रमाणे पार पडली. घुमटाखाली बायको मान वर करून इतका वेळ उभी राहिली की मला माझ्या नियोजनाचा अभिमान वाटायला लागला. दगडी मूर्तींच्या दालनात मी तिला एकेक चेहरा दाखवत होतो. ओठ बघ, पापण्या बघ. एवढ्यात मागून हाक आली, "काका! काकी!"

निळ्या गणवेशात वहिनींचा मुलगा. नुकतीच बदली होऊन त्याची ड्युटी इथे लागली होती. तो वाकून पाया पडला, भर दालनात, लोक बघत असताना. मग उठला आणि त्याची नजर माझ्या हातांकडे गेली. नंतर हिच्या हातांकडे, नंतर आमच्या मागे जमिनीवर, पिशवी कुठे टेकवून ठेवलीय का ते बघायला.

"आयनं काय दिलान नाय?"

त्यानं काही टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. गावचं माणूस समोर उभं आहे म्हणजे आईकडचं काहीतरी असणारच, एवढंच. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी काहीतरी पुटपुटलो, घाई, गाडी, असलं. तोवर त्यानं फोन लावलाही होता. दालनाच्या दाराशी आम्हाला नेऊन, स्पीकर लावून, हळू आवाजात पण आनंदानं तो म्हणाला, "आये, बग कोन आलंत माज्याकडं! काका-काकी! तू काय दिलंस नाय गो त्यांच्याकडं?"

 मी फरशीकडे बघत होतो. आता पाली निघणार, लग्न निघणार, आणि या पोरासमोर माझी काय ती किंमत होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"ते मागत हुते रे, घेऊन जातो म्हनत हुते," वहिनींचा आवाज आला. "मीच दिली नाय. एवढं फिरायचं त्यांना, वज्जं कशाला?"

"व्हय, ते पन खरं," मुलगा म्हणाला.

त्यानं हिला बसायला स्वतःची खुर्ची आणून दिली, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. पुढचं काही आम्ही पाहिलं नाही. चित्रं नाहीत, नाणी नाहीत. बायको म्हणाली, "गुडघा दुखतोय," आणि आम्ही दोघंही त्या गुडघ्याच्या आडोशानं स्टेशनावर जाऊन बसलो.  तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी आंघोळ केली आणि कुंपणापलीकडे गेलो. माफी मागायची हे ठरवून गेलो होतो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि माझ्याकडे डोळे लावून विचारलं,

"कसा हाय वो भावजी माझा पोरगा? बारीक झालाय काय?"

मी आठवू लागलो. मला निळा गणवेश आठवला, त्याचे पॉलिश केलेले काळे बूट आठवले, फरशीवरची नक्षी आठवली. चेहरा काही केल्या आठवेना, कारण मी तो पाहिलाच नव्हता.