बारीक नळीचं माप

काल इस्त्रीखाली वर्तमानपत्राचा कागद करपला आणि मी मनानं थेट तरुणपणी काम केलेल्या म्हसळ्याच्या निऑन पाट्यांच्या कारखान्यात पोचले.

दिवेआगरच्या एका खानावळीची पाटी होती. नळी पेन्सिलीपेक्षा बारीक. तिच्या टोकांना बसवायला, मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी मोठे इलेक्ट्रोड, म्हणजे नळीत वीज सोडणारे धातूचे तुकडे, पुढे केले. "हेच लाव, जास्त टिकतात." मी लहान उचलले. इलेक्ट्रोड आधी लालकेशरी होईपर्यंत तापवावे लागतात. मोठे तापेपर्यंत एवढी बारीक काच वितळलीच असती.

"नळी गेली तर उद्यापासून येऊ नकोस. बाईमाणसाचं काम न्हाय हे."

मी काचेवर कागदाची पट्टी ठेवली, पंपानं नळीतली हवा ओढायला घेतली आणि नळीतून सोडलेला करंट वाढवत नेला. कागद तपकिरी झाला, करपल्याचा वास सुटला. म्हणजे काच हवी तेवढी तापली. मग दोन्ही इलेक्ट्रोड पिकल्या सुपारीसारखे केशरी झाले. नळी जशीच्या तशी.

"नशीब तुझं," उस्ताद म्हणाले.

"नशीब न्हाय, माप हाय," मी ओठांतल्या ओठांत पुटपुटले. तेव्हा तेवढंही धाडस वाटलं होतं. आता त्या पुटपुटण्याचीच लाज वाटते.

काल इस्त्री बाजूला ठेवून मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. स्वयंपाकघरातून सून धावत आली. तिलाही ऐकवलं.