अर्ध्या वाट्याचा रेडिओ

चाचांच्या मातीला बाबा गेले, पण कब्रस्तानापर्यंत गेले नाहीत. रस्त्याच्या अलीकडे पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर उभे राहिले आणि तिथूनच परत आले. घरी आल्यावर त्यांनी कपाटावरचा रेडिओ खाली काढला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला आणि पुन्हा वर ठेवला.

"मी दुरुस्त करून पाहू का?" मी विचारलं.

"मेलेलाच आलता तो आपल्या घरी. त्यात काय पाह्यतं?"

मला रेडिओपेक्षा वेगळंच काही पाहायचं होतं. चाचा खोटं बोलले होते की नव्हते, ते.

चाचा म्हणजे बाबांचे जुने दोस्त, पिंजारी. पिंपळगाव राजात गाद्या-रजया भरायचे आणि गावाबाहेरच्या जमिनीत कपाशी करायचे. लग्नाआधी त्यांनी आणि बाबांनी मिळून हा दोन बँडचा ट्रान्झिस्टर घेतला होता, अर्धा-अर्धा. एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत तो एका घरी राहायचा. बाजाराच्या दिवशी ज्याच्याकडे असेल त्याने दुसऱ्याकडे न्यायचा आणि चहा पिऊन परत यायचं. बाबांना बातम्या लागत, चाचांना गाणी. "दोन गाणे ऐकले तं तुह्या पोटात काऊन दुखते बे?" चाचा विचारायचे. "देश बुडून राह्यला आणि याले गाणे पाह्यजे," असं बाबांचं उत्तर. भांडत दोघं एकाच बाजेवर बसून ऐकायचे.

बाबा शेतकऱ्यांच्या चळवळीत होते. पत्रकं स्वतः लिहायचे आणि खामगावात छापून आणायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. बियाणं शेतकऱ्याच्या कणगीतून काढून पाकिटात बंद केलं आणि दर पेरणीला त्यालाच विकलं, ही लूट आहे, हे मी तेव्हा वाचलं. आजही मी ते तसंच म्हणते, माझ्या नावानिशी म्हणते.

मग बीटी कपाशी आली. बाबांनी विरोध केला, चाचांनी पेरली. पहिल्या वर्षी चाचांच्या पराटीचं एकेक झाड बोंडांनी वाकलं. चहाच्या हॉटेलात ते म्हणाले, "फवारा नाही, अळी नाही. तुमी वाचत बसा पत्रकं." हे बाबांपर्यंत पोचलं.

त्याच बाजाराला रेडिओ आमच्याकडे आला. बाबा घरी नव्हते, म्हणून चाचा दारातूनच आईच्या हाती देऊन गेले. संध्याकाळी बाबांनी बटण फिरवलं. आवाज नाही. नवे सेल घातले, तरी नाही. बाबा उठले आणि थेट चाचांच्या दुकानात गेले. मी मागे होते.

"रेडिओ बंद हाय."

"काल तं ऐकला म्या. कापसाचे भाव ऐकले. साफ आवाज होता."

"मंग रस्त्यात मुका झाला का तो?"

"तुह्या घरी येऊन झाला असन. पत्रकं ऐकून ऐकून."

दुकानातली माणसं हसली. बाबा हसले नाहीत.

पुढच्या पत्रकात शेवटी एक वाक्य होतं: 'जो माणूस साध्या वस्तूबद्दल आपल्या दोस्ताशी खोटं बोलतो, त्याने केलेली बियाण्याची तारीफ किती खरी मानायची, हे शेतकऱ्यांनीच ठरवावं.' नाव नव्हतं. आमच्या गावात त्याची गरजही नव्हती. मला ते वाक्य पाठ होतं. फार जोरदार वाटायचं.

त्यानंतर रेडिओ न्यायला चाचा आले नाहीत आणि बाबांनी पोचवला नाही. बाबांनी त्यातले सेल काढून बॅटरीत घातले.

पुढे गुलाबी बोंडअळी आली. वरून हिरवं दिसणारं बोंड फोडलं की आत कापसाच्या किडलेल्या कवड्या निघायच्या. ज्यांनी बियाणं विकलं त्यांनी आता औषध विकलं. फवारताना विष चढून माणसं दवाखान्यात गेली. चाचांचं शेत मक्त्याने दुसऱ्याकडे कसायला गेलं. बाबांचं बियाण्याबद्दलचं म्हणणं खरं ठरलं. आणि ते खरं ठरलं म्हणून चाचांबद्दलचंही खरंच असणार, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून टाकलं. मीसुद्धा.

मला दुरुस्तीतलं काही येत नव्हतं. खामगावच्या मेकॅनिकने रेडिओ उघडलाही नाही. "फेका, ताई. याचं सामान येत नाही आता," म्हणाला. मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहत शिकले. सेल लावायच्या पट्ट्या घासल्या. आवाजाच्या बटणात स्पिरिट सोडलं. स्पीकरच्या टोकांना सुटा सेल टेकवला, तर 'टक' वाजलं, म्हणजे स्पीकर चांगला. तरी रेडिओ गप्प. साधी खरखरही नाही. मग दोष आवाज मोठा करणाऱ्या भागात, असं मी ठरवलं आणि तिथले कॅपॅसिटर बदलायला घेतले. एक उलटा लावला, तो फुगला. कथील सांडून प्लास्टिकला भोक पडलं. स्टेशनचा काटा सरकवणारा दोरा तुटला, तो बसवताना मी रडकुंडीला आले. बाबा येता-जाता बघायचे.

सगळं करून झालं आणि रेडिओ तसाच. तेव्हा बाजूला असलेल्या इअरफोनच्या छोट्या भोकाकडे माझं लक्ष गेलं. मोबाइलचा जुना इअरफोन मी त्यात खुपसला, काही अपेक्षा न ठेवता. एका कानात बाई बोलायला लागली. सोयाबीनवरच्या रोगाची माहिती सांगत होती. अगदी साफ.

मी झाकण पुन्हा उघडलं. त्या भोकात एक पातळ पितळी पट्टी असते. इअरफोन घातला की ती उचलली जाते आणि स्पीकर बंद होतो, काढला की परत खाली टेकते. ही पट्टी वाकलेली होती, टेकतच नव्हती. मी ती नखाने दाबली आणि खोलीभर सोयाबीन ऐकू आलं.

कोणीतरी शेवटचा हा रेडिओ इअरफोन लावून ऐकला होता. तेव्हा आमच्या घरी इअरफोन नव्हता.

बाबांना सांगावं की नाही, हा प्रश्न मला पडायला नको होता. खरं ते चौकात सांगायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तरी दोन दिवस मी गप्प राहिले. मग रेडिओ त्यांच्यापुढे ठेवला, इअरफोन त्यांच्या कानात घातला, काढला, पट्टी दाखवली.

त्यांनी सगळं पुन्हा एकदा करायला लावलं.

"म्हणजे त्यानं ऐकला होता," ते म्हणाले. मग पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "बियाण्याचं तं माह्यं खरं होतं ना?"

"हो, बाबा."

"हाव," ते म्हणाले आणि रेडिओकडे बघत बसले.

पट्टी मी सरळ करून बसवली. दुसऱ्या दिवशी रेडिओ पिशवीत घालून आम्ही दोघं चाचीकडे गेलो. चाची तांदूळ निवडत होती. मी रेडिओ लावला. तिने थोडा वेळ ऐकलं.

"बंद कर, बेटा."

मी बंद केला. इअरफोनचं विचारल्यावर ती म्हणाली, "माह्या सासूले ताप होता त्या हप्त्यात. आवाज सहन होत नव्हता तिले. म्हणून हे वायर कानात घालून ऐकत. निघताना वायर काढून ठेवली. आमाले काय मालूम त्यानं रेडिओ मुका होते म्हणून?"

"त्याले तरी नंतर समजलं असन," बाबा म्हणाले.

"नाही समजलं. पह्यले म्हणत, ऐकला होता म्या. मंग मागं मागं मलेच विचारत, ऐकला होता ना म्या? तू होती ना घरी?" चाचीने सूप खाली ठेवलं. "सारं गाव म्हणते तं माणसाले सोताचाच भरवसा राह्यत नाही, भाऊ."

बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. रात्री लिहिला असावा. मला त्याची काहीच कल्पना नव्हती. "मी छापतो, भाभी. माह्यी चूक झाली असं. नावासकट छापतो, त्याच्याबी आणि माह्याबी. घरोघरी वाटतो."

"नका छापू."

"मंग लोकायले कसं समजन?"

"लोकं इसरले, भाऊ. तुमी छापलं तं पुन्हा याद करतीन. पुन्हा हॉटेलात त्यायचं नाव काढतीन." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "तुमाले सांगाचं होतं तं त्यायले सांगाचं. हे आपल्या गल्लीतच तं बसत होते."

चहा तिने विचारला नाही. रेडिओ तिच्या बाजेवर राहिला. तिने ठेवा म्हटलं नाही आणि न्या असंही म्हटलं नाही.

परत येताना बाबा एकदाच थांबले. कागद अजून त्यांच्या हातातच होता.

"तिनं माफ केलं असन का वं?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"नाही, बाबा. मला नाही वाटत."

"बराबर हाय तिचं," ते म्हणाले. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि घराकडे चालू लागले.