निजलेल्या मारुतीसमोर

देवाच्या कृपेच्या गोष्टी मी आजवर एका कानाने ऐकल्या आणि दुसऱ्याने सोडून दिल्या. आई सांगायची, मी मान डोलवायचे आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचे. त्यामुळे आज स्वतःच तसं काही लिहायला बसले, तर थोडं अवघडल्यासारखं होतंय.

मी सर्जन आहे, छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयात. त्या आठवड्यात आमच्यातले एकजण नोकरी सोडून गेले, दुसरे आजारी पडले आणि दोघांच्या ड्युट्या माझ्या गळ्यात आल्या. 'जमणार नाही' म्हणणारा सर्जन आमच्याकडे कच्चा समजला जातो आणि मला कच्चं ठरायचं नव्हतं. पण सलग रात्रपाळ्यांनंतर त्या सकाळी एक साधी जखम शिवताना माझा हात थरथरला. सिस्टरांनी हळूच माझं कोपर धरलं. बाकी कुणाला कळलं नाही, मी मात्र हादरून गेले. त्याच दुपारी मला एका माणसाच्या आतड्यातली गाठ काढायची होती. तो वाळूजच्या कारखान्यात कामाला, दोन लहान लेकरांचा बाप. त्याची बायको रोज विचारायची, "बाई, तुमीच करणार ना?" मी रोज हो म्हणायचे.

दुपारपर्यंत वेळ होता. शहाण्या माणसाने झोपून घेतलं असतं. मला मात्र डोळे मिटले की तो थरथरणारा हात दिसायचा. खुलताबादच्या भद्रा मारुतीला वाहायला आईने दिलेला नारळ गाडीच्या डिकीत कधीचा लोळत होता. म्हटलं, चला, आज त्यालाच साकडं घालू, माझा हात तेवढा स्थिर ठेव. दौलताबादचा घाट चढताना माझा डोळा लागला. डिकीत नारळ धाडकन आदळला, मी दचकून जागी झाले, तर समोर कठडा! ब्रेक लागला. रस्त्यात खड्डा होता म्हणून नारळ उडाला, इतकंच. आमच्याकडचे रस्ते पाहता यात चमत्कार कसला? तरीही मी स्टिअरिंगवर डोकं टेकून खूप रडले.

भद्रा मारुती इतर मारुतींसारखा उभा नाही. तो आडवा पहुडलेला आहे. रामाचं भजन ऐकता ऐकता त्याचं भान हरपलं आणि तो तसाच निजला, असं सांगतात. देवळाच्या नळावर मी हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट. नळ कोपरानेच बंद केला आणि ऑपरेशनआधी उभी राहते तशी, ओले हात छातीसमोर वर धरून गाभाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. धुतलेले हात कशालाही लागले की बाटले, ही सवय अंगात इतकी मुरलेली की देवापुढे हात जोडायचंही सुचेना.

"बाई, नारळ नळावरच इसरल्या की." वैजापूरकडून दर्शनाला आलेली, खांद्यावर शाल घेतलेली एक पोक्त बाई माझा नारळ घेऊन मागून आली. "अन् हाताला काय झालं? भाजलं का?"

"नाही. दुपारी ऑपरेशन करायचंय."

तिला काय समजलं कोण जाणे. तिने पदराने माझे हात बोटं न् बोटं पुसून कोरडे केले. ऑपरेशन थिएटरमध्ये असं कुणी केलं असतं तर मी खवळले असते. तिथे मला हुंदका आला.

"डोळं किती लाल झालेत! झोप नाय व्हय?" तिने गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. "रामाची एवढी कामं करून त्यो बी आडवा झालाय. तुमी काय त्याच्यापरीस मोठ्या हायेत का? पडा जरा."

मंडपात बसून मी आमच्या विभागप्रमुख सरांना फोन केला. "सर, माझा हात थरथरतोय. आज मी ऑपरेशन करणार नाही." ते चिडले, "मग करायचं कोणी?" मी म्हटलं, "आज झोपून घेते, उद्या मीच करते." मी कुठे आहे, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "गाडी चालवत येऊ नकोस. ड्रायव्हर पाठवतो."

ड्रायव्हरने उठवलं तेव्हा मी गार फरशीवर गाढ झोपले होते. डोक्याखाली त्या बाईची घडी घातलेली शाल होती आणि उशाशी फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी. माझा नारळ तिनेच वाहिला होता. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

खरी परीक्षा वॉर्डात होती. पेशंटची बायको संतापली होती. "कालपास्नं उपाशी ठिवलंय त्यांना!" नेहमीसारखं एखादं कारण पुढे करता आलं असतं. मी म्हटलं, "मी झोपलेले नव्हते. अशा हातात तुमचा माणूस घ्यायची मला भीती वाटली." तिने माझे लाल डोळे निरखून पाहिले. मग हळूच म्हणाली, "मग बरं केलं, बाई. आज निवांत झोपा." मी प्रसादाचं खोबरं तिच्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाठ सुखरूप निघाली. तो माणूस आता पुन्हा कामावर जातो. ड्युट्यांचा रगाडा आहे तसाच आहे, फक्त रात्रपाळीनंतर मोठं ऑपरेशन लावायचं नाही, एवढं सरांनी मान्य केलं. ती शाल माझ्या कपाटात आहे. तिच्याकडे पाहिलं की मन भरून येतं. हात स्थिर ठेव, एवढंच मागायला मी गेले होते. मारुतीने आधी ते हात खाली घ्यायला लावले.