ग्रिलच्या तळाचा खण

आमच्या ओट्यावरच्या ग्रिलला वास येतो, हा शोध माझाच. घरात दुसऱ्या कोणाला तो आला नव्हता. नवऱ्याला नाक फक्त चष्मा टेकवायला दिलेलं आहे आणि चौथीतल्या मुलीला ग्रिलमधून बाहेर येणाऱ्या सँडविचशी मतलब. मला मात्र वास येतो. ओल्या पायपुसण्याचा येतो, कपाटात सांडलेल्या हिंगाचा येतो, शेजारच्यांनी काल काय केलं होतं त्याचा आज येतो. अलिबागमध्ये, समुद्राच्या इतक्या जवळ, असलं नाक घेऊन राहणं म्हणजे रोजची कटकट. पण खरं सांगायचं तर मला त्या नाकाचा गर्व होता.

ग्रिल आम्हाला नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला माझ्या ऑफिसातल्या लोकांनी दिला. दोन काळे, खाचाखाचांचे पत्रे. वरचा खालच्यावर मिटतो आणि मध्ये ठेवाल ते दोन्हीकडून भाजून निघतं. पहिल्या वर्षी आम्ही त्यावर चिकन, पनीर, चीज घातलेले पाव, सुचेल ते भाजलं. साफसफाईची माझी पद्धत ठरलेली होती. प्लग काढायचा, पत्रे कोमट होऊ द्यायचे, मध्ये ओला फडका घालून झाकण मिटायचं. वाफेने चिकटलेलं सुटलं की लाकडी उलथन्याने अलगद काढायचं, लिंबाची फोड फिरवायची, कोरडं पुसायचं. घासणी लावायची नाही, नळाखाली धरायचं नाही. हे मी घरात इतक्यांदा बजावलं होतं की मुलगी ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायची.

मग पावसाळ्याच्या तोंडाला आई आमच्याकडे आली.

माझं माहेर खाडीकाठचं, मिठागरांचं. बाबा गेल्यावर आई तिथे एकटीच राहत होती. मला भाऊ नाही. घराची कौलं सरकलेली, आईचे गुडघे कामातून गेलेले, रात्री शेजारची हाक ऐकू येईल एवढं जवळ कोणी नाही. पण आमच्यात आई लेकीकडे येते ती पाहुणी म्हणून. "जावयाच्या घरात किती दिस राह्याचं गो बाय?" हे ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि आपली पिशवी खाटेखाली सरकवून ठेवली. त्या पिशवीतून ती लागतील तशी दोन लुगडी काढायची, धुऊन वाळली की पुन्हा घडी करून तिच्यातच ठेवायची. मी तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. गॅसच्या शेगडीला ती बिचकायची, मिक्सरच्या आवाजाने दचकायची. स्वयंपाकघरात आली की हात मागे बांधून उभी राहायची, दुकानात काही फुटेल म्हणून उभं राहतात तशी. जेवणही तिचं पाखरासारखं. काय हवं विचारलं की "जे तुमच्यात व्हईल ते" असं म्हणायची. मला तिचं हे परकेपण टोचायचं, आणि टोचलं की मी चिडते. तो माझा स्वभावच आहे.

तिची गाडी रुळावर आणली ती त्या ग्रिलने. एकदा मी पाव भाजत असताना ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो इस्तव बरा हाय. धूर न्हाय, काय न्हाय. बोंबील भाजतील का गो याच्यावर?"

सुके बोंबील तिने गावाहून येतानाच आणले होते, पण फ्लॅटमध्ये निखारे कुठले? गॅसच्या आचेवर ते एकीकडे जळतात आणि एकीकडे चिवट राहतात. ग्रिलवर मात्र असे खुटखुटीत भाजले की मोडताना आवाज यावा. ती ते कांदा-मिरचीबरोबर कुस्करायची, वर खोबरेल तेलाचे दोन थेंब, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर पोटभर जेवायची. होड्या बंद असलेल्या त्या पावसात ताजं म्हावरं नव्हतंच. नवराही तिच्या ताटाजवळ घुटमळायला लागला. भाजून झालं की ती माझ्याच पद्धतीने ओला फडका घालून ग्रिल पुसायची. नातीने तिच्याकडून पाढा पाठ करून घेतला होता.

सकाळी नातीची वेणी घालायचं कामही तिने आपल्याकडे घेतलं. मी घातलेली वेणी शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत टिकत नसे. आजीने घातलेली संध्याकाळी खेळून आल्यावरही ताठ असायची. ती बाल्कनीच्या दाराशी पाय पसरून बसायची, पोरगी तिच्या पुढ्यात, आणि दोघींची बडबड चालायची. मला वाटलं, आता आई राहील.

आणि मग मला वास यायला लागला.

आंबूस, खवट वास. ग्रिल तापला की यायचा, गार झाला तरी रेंगाळायचा. मी लिंबू फिरवलं, सोडा चोळला, सकाळ-संध्याकाळ फडका घातला. वास जाईना. आता माशाच्या घरात वाढलेल्या मला सुक्या बोंबलाचा वास ओळखता येऊ नये? पण मी नीट वास घेऊन बघितलंच नाही. ग्रिलवर नवीन काय आलं होतं तर बोंबील, म्हणजे वास बोंबलाचा. प्रकरण मिटलं.

त्याच सुमाराला ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या. त्यांनीच दिलेल्या ग्रिलवर मी त्यांच्यासाठी सँडविच करत होते. ग्रिल तापला आणि एकीने नाक मुरडलं. मला कानकोंडं झालं. मी हसत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अगं, आमच्या आईसाहेबांचे बोंबील! काय सांगू, सगळं घर बोंबलाचं करून टाकलंय तिने. अंगालासुद्धा तोच वास."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आई शेजारच्या खोलीत होती आणि त्या खोलीला दार नाही, पडदा आहे.

संध्याकाळी मी तिला म्हणाले, "आई, आता त्याच्यावर बोंबील नको हां भाजू." ती "बरं" म्हणाली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिने ऐकलं नसेल अशी मी माझी समजूत घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा ती माझी वाट बघत दारातच उभी होती. ओट्यापाशी नेऊन तिने ग्रिल उघडून दाखवला. "बघ, चांदीवानी केलाय. आता न्हाय येनार वास."

देवाची भांडी घासायला म्हणून गावाहून तिने डब्यात चुलीची राख आणली होती. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती दुपारभर बसली होती. म्हावऱ्याची भांडी आमच्याकडे अशीच घासतात. माझ्या लहानपणी मीही तशीच घासली आहेत, आणि भांड्यात तोंड दिसलं नाही तर तिचाच धपाटा खाल्ला आहे. फडक्याने वास जात नाही म्हटल्यावर तिने तिला ठाऊक असलेला शेवटचा आणि सगळ्यांत कष्टाचा उपाय केला होता. पत्र्यांवरचा न चिकटणारा काळा थर खरवडून निघाला होता आणि खालचा पांढरा धातू चमकत होता.

माझा पारा चढला. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? सतरांदा सांगितलं घासायचं नाही, घासायचं नाही! सगळं वाटोळं करून ठेवलंस." आणखीही बोलले. एवढं लागेल असं का बोलतेस, हे ती मला लहानपणी विचारायची. त्या दिवशी तिने तेही विचारलं नाही. तिच्या बोटांच्या पेरांत राख भरलेली होती. ती मोरीत गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर तिने ओट्याकडे येणं सोडलं. उरलेले बोंबील कामवालीला देऊन टाकले. जेवण पुन्हा पाखराचं झालं. अंघोळीचा साबण भराभर संपायला लागला. टीव्ही लागला की ती आमच्या कोचावर न बसता बाल्कनीच्या दाराशी, वाऱ्याच्या तोंडाला बसायची. आणि एक दिवस सकाळी कंगवा घेऊन गेलेल्या नातीला तिने परत पाठवलं. "तुजे आयकडना घालून घे गो. माजं हात बरं न्हायत." मला वाटलं बोटं दुखत असतील. मी मलम आणून दिलं. तिने ते घेतलं.

पाऊस ओसरायला लागला तशी ती गावी जायचं बोलायला लागली. नवऱ्याने समजावलं, "आई, तिकडे एकट्या कशा राहाल तुम्ही? घर गळतंय." ती म्हणाली, "गलूदे. माजंच घर हाय. तिथं माजा कोनाला तरास न्हाय." कौलं सरकलेल्या घरात, त्या गुडघ्यांनी, एकटी. मी रडकुंडीला आले आणि वर तिच्यावरच चिडले की तुला इथे कमी काय आहे.

एका रविवारी मी पनीर भाजायला ग्रिल लावला. पत्रे खरवडलेले असल्याने आता सगळं चिकटायचं, तरी मी तेल लावून वापरत होते. ग्रिल तापला आणि वास आला. तोच, आंबूस, खवट.

घरात कित्येक आठवडे नखभरही बोंबील नव्हता.

मी ग्रिल बंद केला, गार होऊ दिला आणि पहिल्यांदाच उचलून आडवा केला. मागच्या बाजूला, तळाशी, एक चपटा खण होता. भाजताना सुटणारी चरबी पत्र्यांच्या उतारावरून मागे वाहते आणि त्या खणात साठते. तो ओढून काढायचा आणि धुवायचा असतो. हे मला माहीत नव्हतं. एवढ्या पाढ्यात ते एक वाक्य नव्हतं. खण जाम झाला होता, सुरीने सैल करावा लागला. आत बोटभर जाडीचा पिवळट, तपकिरी थर होता, वर बुरशी. तो चिकनचा होता, लोण्याचा होता, चीजचा होता. सुक्या बोंबलाला चरबी ती किती, त्यातून गळणार काय? तो सगळा माझा होता, आई यायच्याही आधीपासूनचा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा साबण, वाऱ्याच्या तोंडाला बसणं, परत पाठवलेला कंगवा, सगळं एकदम कळलं. तिचे हात दुखत नव्हते. त्यांना वास येतो असं तिला वाटत होतं, कारण तसं मी चार माणसांत सांगितलं होतं.

तो खण तसाच घेऊन मी तिच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसून पिशवी भरत होती. मी म्हणाले, "आई, वास ह्याचा होता. तुझा नव्हता. बोंबलाचा पण नव्हता." तिने खण हातात घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी! ह्यो तर कोंबरीचा हाय."

"माझाच आहे," मी म्हणाले. "मी तुला उगाच बोलले. त्या दिवशी बायकांसमोर बोलले ते तू ऐकलंस ना?"

तिने खण खाली ठेवला. म्हणाली, "ऐकला. पन तुजंबी काय चुकलं न्हाय. म्हातारपनी येतच आसंल वास. मानसाला आपला आपन कलत न्हाय."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

त्या दिवशी मी बाजारात जाऊन बोंबील आणले. खण घासून स्वच्छ केला, खरवडलेल्या पत्र्यांना तेल लावलं आणि स्वतः भाजले. चिकटले, काही मोडले. ती ओट्याशी आली, मला बाजूला सारून उरलेले तिने उलटले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. सोमवारी ऑफिसात मी मैत्रिणींना मुद्दाम सांगितलं की वास माझ्याच घाणीचा होता, आईच्या बोंबलाचा नव्हता. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कसला वास, कधी, त्यांना काही आठवत नव्हतं. ज्यांच्यापुढे माझी लाज राखायला मी आईला पुढे केलं, त्या ते सँडविचबरोबरच विसरून गेल्या होत्या.

आई राहिली. कपाटाच्या कप्प्यात आता तिची लुगडी आहेत. ग्रिलवर बोंबील भाजले जातात आणि दर वेळी मी खण ओढून धुते. वास गेला, तो परत आला नाही.

नातीची वेणीही आजीच घालते. सकाळी मी ओट्यापाशी डबा भरत असते तेव्हा मला दोघी दिसतात. पोरगी कंगवा घेऊन पुढ्यात बसते. आई आधी बेसिनशी जाते, साबणाने हात धुते, पुसते. मग बोटं नाकाशी नेऊन एकदा हुंगते, आणि मगच पोरीच्या केसांना हात लावते.

परवा पोरीने विचारलं, "आजी, रोज वास का घेतेस गं हातांचा?"

"असाच," ती म्हणाली. "सरल बस."