वकीलसाहेब रस्त्यात आहेत

कोर्टाच्या व्हरांड्यात वर्षभर बसलं की किस्से आपोआप साठतात. ऐकायला माणूस मात्र उरत नाही. आईला सांगावं तर तिचं बीपी वाढतं. मी शिकवते त्या शाळेतल्या मैत्रिणी "होईल गं नीट" म्हणतात आणि तासाला निघून जातात. म्हणून तुम्हाला सांगते.

प्रकरण एवढंच: मी अकोल्याला माहेरी, नवरा आणि कोर्ट अमरावतीला, तीन वर्षांची ओवी माझ्याकडे. घटस्फोटाच्या केसचा निकाल लागेपर्यंत ती आपल्याकडे राहावी, असा त्याचा अर्ज आहे. त्यावर माझं लेखी म्हणणं द्यायचंय. ते वकीलसाहेबांकडे आहे. आणि वकीलसाहेब नेहमी रस्त्यात असतात.

*

पहिल्याच तारखेला मी त्यांना फोन केला.

"मॅडम, मी कोर्टातच आहे. तुम्ही कुठे?"

"कोर्टाच्या दारात."

"मग दिसत कशा नाही?"

मी खरंच एकदा स्वतःकडे बघून घेतलं!

*

त्या दिवशी बाकावर दर्यापूरच्या रुखसाना आपा होत्या. शिवणकाम करतात, नवऱ्यानं घराबाहेर काढलंय. "कोनते वकील हायेत व तुमचे?"

मी नाव सांगितलं. आपांनी सरकून जागा दिली. "बैठो. आपलेच हायेत."

पलीकडून चांदूर रेल्वेच्या गवई काकू म्हणाल्या, "बाप्पा! माहे बी तेच!"

एवढ्या मोठ्या शहरात माझ्या ओळखी झाल्या त्या या दोघींच्या.

*

एकदा साहेबांनी घाईघाईत एक कागद सहीला दिला. शिकलेली बाई म्हणून वाचायला घेतला, तर त्यात मला दोन मुलगे आणि पिठाची गिरणी!

"साहेब, हे माझं नाही."

"फॉरमॅट आहे मॅडम. मजकूर सेमच असतो."

गवई काकूंनी मान लांब करून वाचलं. "गिरणी माही हाय! अन् पोरं बी माहेच. सारंच घेऊन चालली काय व?"

साहेब म्हणाले, दुरुस्त करून पुढच्या तारखेला देऊ.

*

मी सगळं वाचून काढलंय. तारीख मोबाइलवर दिसते, नकला स्वतः काढता येतात, बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. वकील बदलता येतो. जुन्यानं ना-हरकत दिली नाही तर कोर्टाकडे परवानगी मागता येते. वकील परिषदेकडे तक्रारही करता येते. तक्रार मी टाइपसुद्धा करून ठेवली आहे. पण पाठवली आणि साहेब चिडले तर? पुढच्या तारखेला माझ्या बाजूनं उभं कोण राहणार?

मग आठवतं, आताही कुणी उभं राहत नाहीच.

*

शेवटी धीर करून ना-हरकत मागायला गेले. साहेब दुखावले. "मॅडम, विश्वास नाही का?"

मी "आहे" म्हणाले आणि बाहेर आले!

आपांनी कपाळाला हात लावला. "नवऱ्याले सोडाले घाबरली नाय, अन् वकिलाले सोडाले काहून घाबरते व?"

*

मागची तारीख शेवटच्या संधीची होती. म्हणणं दिलं नाही, तर मला न ऐकताच अर्जावर हुकूम होणार होता. ओवीला कडेवर घेऊन मी आत बसले. तारीख आपा-काकूंचीही होती, त्या मागच्या बाकावर. पुकारा झाला. मी उठले.

न्यायाधीश म्हणाले, "तुमचे वकील?"

"रस्त्यात आहेत, साहेब."

"मागच्या वेळीही रस्त्यातच होते."

दोन-चार जण हसले. मी पर्समधला कागद काढला. तो ओवीनंच पुढे धरला. "साहेब, माझं म्हणणं मीच लिहून आणलंय. घ्याल का?"

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "द्या."

तेवढ्यात मागे आपा उभ्या राहिल्या. "साहेब, आमचे बी तेच हायेत. आले नाय." काकूही उठल्या. "माहे बी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. सगळ्या हॉलवर नजर फिरवली. "आणखी कुणाचे वकील आलेले नाहीत?"

मग पलीकडच्या बाकावरून, आमच्याकडे न बघता, माझ्या नवऱ्यानं हळूच हात वर केला.