मुराळी गेला नेरूळला

मामाच्या गावाला जाऊन मामा न भेटणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्याला आखणी लागते, गाडीची सर्व्हिसिंग लागते आणि एक अतिशहाणा भाचा लागतो. पहिल्या दोन गोष्टींत थोडी कसर राहिली असेल, पण तिसरीत मी कुठंही कमी पडलो नाही.

आम्ही नेरूळला राहतो, सारसोळ्याजवळ. बाबा मार्केटात पोती वाहायचे म्हणून इथले झालो. बाबा गेले, मी एसीच्या ऑफिसात बसायला लागलो, बिल्डिंगला लिफ्ट आली, पण आईच्या अंगातलं माहेर काही निघालं नाही. ते पाटणच्या वर, कोयनेच्या डोंगरात. श्रावण लागला की ही बाई गॅलरीत खुर्ची टाकून सोसायटीच्या गेटाकडे बघत बसते. कारण पंचमी आली! आमच्याकडे नागपंचमीला सासुरवाशीण माहेरी जाते, पण आपली आपण बॅग उचलून नाही. तिचा भाऊ तिला न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. आदल्या दिवशी तिनं भावासाठी उपास धरायचा आणि पंचमीला माहेरी झोके घ्यायचे. आता आई सत्तरीची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा गणूमामा, साठीच्या पुढचा. (झोका नुसता दिसला तरी दोघांचे गुडघे कुरकुरतात.) पण तिचा उपास एकाही वर्षी चुकला नाही आणि मामा मात्र कित्येक वर्षांत फिरकला नाही.

"तुझं बाबा हुतं तवर यायचा गण्या," आई यंदाही गेटाकडे बघत म्हणाली. "आता फोन करतो. फोनलाच मुराळी धाडतोय मेला!"

मला हे लागलं. मामाच्या घरात रेंज नाही, सकाळी तो खालच्या गावातल्या डेअरीवर दूध घालायला उतरला की तेवढा फोन लागतो. ती वेळ गाठून मी त्याला झाडला. "मामा, आई वाट बघून वाळली इथं! बहीण आहे का नाही तुम्हाला?"

तिकडं डेअरीवरच्या कॅनांचा खडखडाट ऐकू आला. मग मामा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

बरं! एवढंच! माझं डोकं फिरलं. दगड आहे हा माणूस, मी बायकोला म्हणालो. भाऊ येत नसेल तर मुलगा नेईल! उपासाच्या दिवशी सकाळी निघायचं, दुपारी थेट अंगणात गाडी उभी करायची.

"मामांना कळवलंस का?" सुजातानं विचारलं.

"सरप्राइज!"

"विजू, तुझ्या सरप्राइजची मला भीती वाटते."

मी हसलो. (लग्न जुनं झालं की बायको जे बोलते ते खरं होतं, हे मला अजून शिकायचं होतं.) आई मात्र पहाटेच अंघोळ करून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तयार होती. भावाला नवी टोपी, भावजयीला खण, वर नेरूळच्या मार्केटातली केळी. उपास असल्यामुळे ती फक्त चहावर होती, पण तोंड असं फुललेलं की गाडीत एसी लावायची गरज भासली नाही.

सातारा सुटेपर्यंत सगळं झकास. उंब्रजला वळलो आणि पाऊस असा लागला की वायपर नुसतेच हात हलवून नाही-नाही म्हणायला लागले. घाटाच्या तोंडाशी पोलिसानं अडवलं. रस्त्यात नारळाएवढे, भोपळ्याएवढे, काही तर फ्रीजएवढे दगड येऊन पडलेले. 'दरडीपासून सावधान' ही पाटी स्वतःच दरडीखाली गेली होती.

"फार गरजेचं काम असलं तरच सोडतोय साहेब," पोलीस म्हणाला. "काय काम आहे?"

मी घसा साफ करून काहीतरी इमर्जन्सी जुळवत होतो, तेवढ्यात मागची काच खाली झाली. "माहेरी चाललेय. भावाचा उपास हाय माझा."

पोलीस आईकडे बघत राहिला. त्याच्या टोपीवरून पाणी ओघळत होतं. "माझी बहीन बी आज उपाशीच असंल," तो म्हणाला. "जावा. पर कडेला घेऊ नका, मधनंच चालवा."

मधनं चालवायला रस्त्याला मध तर पाहिजे! एका बाजूला डोंगर ठिबकतोय, दुसऱ्या बाजूला खाली ढगच ढग. सुजातानं डोळे मिटले. (मीही मिटणार होतो, पण कोणीतरी गाडी चालवायला हवी होती.) अशात वळणावर समोरून एसटी आली. मी आरसा मिटवून घेतला, श्वास आत घेतला, पोटही आत घेतलं आणि एसटी आमच्या काचेला जवळजवळ चाटून खाली गेली. आईला एसटी दिसली की हात हलवायची सवय आहे, तिनं हलवला. एका खिडकीत कोणीतरी मफलर तोंडावर घेऊन गाढ झोपलं होतं.

"बघ कसा घोरतोय," आई कौतुकानं म्हणाली. "अगदी आमच्या गण्यावानी!"

आम्ही सगळे हसलो. मी तर जरा जास्तच हसलो.

आम्ही घाट चढून वर पोचलो आणि पाठीमागे धडाडधूम आवाज झाला. डोंगराचा एक तुकडा रस्त्यावर येऊन बसला. देवानंच वाचवलं म्हणत आम्ही पुढं निघालो, ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडला (मागच्या चाकांना पाणी लागलंच) आणि गाडी मामाच्या अंगणात उभी केली. हॉर्न वाजवला. "सरप्राइज!" मी ओरडलो.

मामी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. आईला बघितलं, मला बघितलं, परत आईला बघितलं.

"आगं बया! वन्सं, तुमी हितं? मग ह्यें कुनाला आनायला गेल्यात?"

"कोण गेलंय?"

"ह्येंच की! मगाच्या एसटीनं गेलं तुमास्नी आनायला. विजू फोनवर लई बोलला म्हनं. चार दिस नीट जेवलं न्हाईत. काल उठलं, धोतर धुतलं, म्हनालं, मुराळी जातो."

सुजाता माझ्याकडे बघत होती. "सरप्राइज," ती हळूच म्हणाली.

आईचा चेहरा मात्र मी कधी विसरणार नाही. आधी तो उजळला. "गण्या मुराळी गेलाय? मला न्यायला?" असं तिनं मामीला दोनदा विचारलं. आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ती इथं आहे. "म्हंजे मफलरवाला..." ती म्हणाली आणि मटकन ओट्यावर बसली.

"फोन लावतो!" मी खिसे चाचपले.

"फोन दिवळीत हाय," मामी आतल्या कोनाड्याकडे बोट करत म्हणाली. "आक्कालाच भेटायला चाललोय, फोन कशाला, असं म्हनालं."

लगेच मागं फिरायचं म्हटलं तर घाट बंद, आणि आम्ही ओट्यावर बसून चर्चा करेपर्यंत ओढ्याचं पाणी फरशीवरून कमरेएवढं वाहायला लागलं. गावात रेंज एकाच जागी, मारुतीच्या देवळामागच्या कातळावर. मामा पोचायच्या हिशेबानं अंधार पडल्यावर तिथं मी छत्री घेऊन चढलो, दोन जळवा पायाला घेऊन हिराकाकूंना फोन लावला. हिराकाकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, मूळ सारसोळ्याच्या. आमची बिल्डिंग त्यांच्याच जागेवर उभी आहे, त्यामुळं बिल्डिंगीतलं सगळं त्यांना आमच्या आधी कळतं.

"अरे विजू, तुजा मामा आयलाय!" मी बोलायच्या आधी त्याच ओरडल्या. "कुलपाला टेकून बसला होता. आमचे घरान घेतला. टेन्शन नको घेव. पन भाकर दिली त जेवत नाय रं. बोलतो, बहीन उपाशी हाय, मी कसा जेवू?"

म्हणजे आईला मी माहेरी आणलं होतं आणि तिचं माहेर नेरूळला हिराकाकूंच्या सोफ्यावर उपाशी बसलं होतं!

रात्री परत आल्यावर मी भिजलेले कपडे वाळत टाकून, मामाची लुंगी लावून चुलीपाशी शेकत होतो. इतक्यात जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा घुर्र आवाज झाला, मांडणीवरची भांडी नाचली आणि माझ्याखालचा पाट सरकला. "भूकंप! बाहेर पळा!" मी आरोळी ठोकली आणि सर्वांच्या आधी तो सल्ला स्वतः अमलात आणला. अंधूक उजेडात अंगण ओलांडून मी जो थांबलो तो उकिरड्यात, मांडीपर्यंत.

आतून मामीचा शांत आवाज आला. "विजू, बारका हाय त्यो! ये आत, च्या निवतोय." बघतो तर दारातून दिसत होतं, ती एका हातानं दुधाचं पातेलं धरून दुसऱ्या हातानं चहा गाळत होती. कोयनेच्या माणसांना जमीन हलणं म्हणजे आपल्याला शेजाऱ्याचा मिक्सर लागणं.

"मला न घेता पळालास?" सुजाता दारात उभी राहून म्हणाली.

"मी रस्ता मोकळा आहे का बघायला गेलो होतो."

आई दुपारपासून पहिल्यांदा हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण ते पाणी काही लवकर थांबेना. "गण्या असता तर म्हनला असता, आक्का, भुईनं झोका दिला बघ," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. मला फार वाईट वाटलं. अंगाला शेण लागलं असताना माणसाला एवढं वाईट वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

पंचमीची सकाळ झाली. नागोबाला दूध झालं, पुरणाची दिंडं वाफवून झाली (आज तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत), पण आई उपास सोडेना. "त्याचं तोंड बघितल्याबिगर घास उतरायचा न्हाई." मामीनं समजावलं, चक्कर यील म्हणाली, काही उपयोग नाही. शेवटी व्हिडिओ कॉलची कल्पना मला सुचली. (माझ्या कल्पनेनंतर मामी आणि सुजातानं एकमेकींकडे बघितलं.) आईचा एक हात मी धरला, एक सुजातानं, मागं मामी दिंडांचं ताट पदराखाली धरून, अशी आमची वरात कातळावर चढली.

हिराकाकूंनी फोन उचलला. पडद्यावर आधी त्यांचा पंखा दिसला, मग सोफा, मग सगळं काळं झालं आणि मग एक कान आला. मोठा, केसाळ, पडदाभर कान.

"हॅलो! आक्का! हॅलो!"

"गण्या, अरं कानाला नगं लावू! म्होरं धर!"

"ऐकू येत न्हाई! थांब, नीट लावतो!" कान आणखी जवळ आला.

"अवं मामा, तोंडासमोर धरा!" पलीकडून हिराकाकूंचा आवाज. "बगायचा हाय तो, ऐकायचा नाय!"

"काय म्हनतेस आक्का? जेवलीस का?"

"तुझं तोंड दाव आधी!"

"आँ?"

आणि तिथंच रेंज गेली. चित्र गोठलं. पडद्यावर तो कान तसाच राहिला. मी फोन वर धरला, खाली धरला, मारुतीला नमस्कार केला, कान काही हलेना.

आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या कानाकडे बघत राहिली. पाऊस पडद्यावर पडत होता, ती पदरानं पुसत होती. "ह्योच," ती हळूच म्हणाली. "ह्योच कान पिळायची मी. दूध सांडलं की ह्योच. बघा की, पाळ कशी लाल झालीया अजून." तिनं त्या कानावरून बोट फिरवलं, आणि तेवढ्यानं फोन कट झाला.

मामीनं ताट पुढं केलं. आईनं दिंडाचा तुकडा मोडला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. "कान बी त्याचाच हाय," ती म्हणाली. "सोडला बाई उपास." आम्ही सगळे पावसात उभे होतो, त्यामुळं कोण रडतंय हे कळायची सोय नव्हती.

आता घाट कधी मोकळा होतो याची वाट. ओढा दुपारी उतरला, जेसीबीही आला, पण चालक खाली उतरून उभा. "आज पंचमी. भुई खनायची नसती." लोकांनी त्याच्यासमोर हात जोडले, मी नियम सांगितले, तो ढिम्म. शेवटी आई गाडीतून उतरली. "ल्येकरा, भुई कुठं खनतोयस? डोंगर आपल्या मनानं खाली आलाय, त्याला नुसतं बाजूला बसव." चालकानं विचार केला, दरडीला हात जोडले आणि कामाला लागला.

वाट सुटेस्तोवर दुसरा दिवस उजाडला. हिराकाकूंना मी बजावून ठेवलं होतं, मामाला उंबऱ्याबाहेर सोडू नका! नेरूळला गाडी गेटात शिरली तर मामा वॉचमनच्या खुर्चीत बसलेला. आई उतरली. आमच्यात मिठ्या वगैरे मारत नाहीत.

"वाळलास," आई म्हणाली.

"तू बी," मामा म्हणाला. मी बॅगा काढल्या, त्या घेऊन लिफ्टकडे निघालो, तर मामा म्हणाला, "त्या हितंच ठेव. आक्का, चल."

"कुठं?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? मी मुराळी आलोय. मोकळ्या हातानं गावात गेलो तर लोक तोंडात शेन घालतील."

"अहो मामा, आत्ता तिथूनच आणलं तिला!"

"ते तू आनलंस. तू काय तिचा भाऊ हाईस?"

मी मदतीसाठी आईकडे बघितलं. पुण्यापासून तिची पाठ दुखत होती, पाय सुजले होते, आता महिनाभर हलणार नाही म्हणाली होती. "पाठ बरी वाटतीया आता," आई म्हणाली आणि पदर खोचला. हिराकाकूंनी हाताला धरून बसवून ठेवलं म्हणून निदान ती रात्र तरी राहिले.

सकाळी मी म्हणालो, मी सोडतो गाडीनं. मामानं हात जोडले. "तू नगं. तू आलास की डोंगर पडतो." मग हायवेवर जाऊन मी त्यांना एसटीत बसवून दिलं. एसटी सुटली तेव्हा मी खालून हात हलवला, पण आई बघत नव्हती. ती मामाच्या सदऱ्याचं बटण लावत होती, आणि लहान पोरासारखा मामा मान वर करून बसला होता.

घरी आलो. गॅलरीत खुर्ची रिकामी होती, मीच जाऊन तिच्यात बसलो आणि गेटाकडे बघायला लागलो. आज पंधरा दिवस झाले, आई अजून यायचं नाव घेत नाही. काल न राहवून मी सुजाताला विचारलं, "काय गं, भावासाठी जसा बहिणीनं धरायचा, तसा आईसाठी मुलानं धरायचा एखादा उपास असतो का?"

"असतो की," ती म्हणाली. "आज पोळ्या तूच करणारेस ना? मग धरल्यातच जमा आहे. तुझाही आणि माझाही."